मुक्या जिवास चॉकलेट

लष्करातील मराठी घरांत सणासुदीला नया बाजारातून येणाऱ्या पिशव्यांत आता पेढे-बर्फीसोबत चॉकलेटचे डबेही असतात. मुले खातात, आणि शेजारी शेपूट हालवीत बसलेल्या कुत्र्यासही एखादा तुकडा मिळतो. मुक्या जिवास घास घालणे आपल्याकडे पुण्याचे मानतात. परंतु हा घास त्याच्या जिवावर बेतू शकतो, हे वाचकांच्या कानी घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोकोमध्ये थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते. चहा-कॉफीतील कॅफीनचे ते भावंडच. माणसाचे शरीर त्याचा निचरा लवकर करते. कुत्र्याच्या शरीरातून मात्र ते निम्मे उतरण्यासच सुमारे १७ तास लागतात. चॉकलेट जितके काळे व कडू, तितके अधिक घातक. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, काळ्यात ५ किंवा अधिक, तर कोकोच्या भुकटीत त्याहून कितीतरी जास्त थिओब्रोमीन असते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम पोटात गेले की ओकाऱ्या, जुलाब, तहान व अस्वस्थता दिसू लागते. ४० ते ५० झाल्यास हृदयाची गती बिघडते, आणि ६० च्या पुढे आचके येतात. म्हणजे पाच किलोच्या पामेरियनला काळ्या चॉकलेटची ५० ग्रॅमची एक वडी संकटात टाकण्यास पुरेशी आहे.

अशा वेळी उरलेले चॉकलेट उचलून ठेवावे. वेष्टन जपावे. किती व केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, हे सांगून तत्काळ पशुवैद्यास विचारावे. लक्षणे दिसण्यास ६ ते १२ तासही लागतात; तेव्हा 'अजून तर खेळतो आहे' असे म्हणून स्वस्थ बसू नये. या विषावर नेमका उतारा नाही. पहिल्या दोनेक तासांत वैद्याने ओकारी करविली, तर बरेचसे विष बाहेर पडते. पुढे औषधी कोळसा व सलाईन यांचा आधार असतो.

घरी मिठाचे पाणी मात्र मुळीच पाजू नये. त्या मिठाचीच विषबाधा होते. दूध किंवा तूप पाजल्यानेही विष उतरत नाही, आणि मोलाचा वेळ मात्र जातो.

द्राक्षे, मनुका व बेदाणेही कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात; म्हणून चिवडा देतानाही विचार करावा. डबे उंच फळीवर ठेवावेत, मुलांना व पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. लाड करावयाचेच असतील, तर साध्या पोळीचा तुकडा द्यावा. तेवढ्यावरही त्याची शेपटी हालतेच.