एका ‘आणि’ची किंमत

आपल्या संविधानाने दोषी ठरलेल्या माणसाला जे अभय दिले, ते निर्दोष ठरलेल्याला दिलेले नाही. हे विधान विचित्र वाटेल. दुर्दैवाने ते सत्य आहे.

एकाच अपराधासाठी कोणावरही दोनदा खटला आणि शिक्षा होऊ नये, असे अनुच्छेद 20(2) सांगतो. मात्र हे संरक्षण मिळण्यास पूर्वी खटला व शिक्षा दोन्ही झालेली असली पाहिजेत, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली वेंकटरामन प्रकरणात लावला. म्हणजे ज्याला शिक्षाच झाली नाही, तो निर्दोष मनुष्य या छत्राबाहेर उभा! सारा अनर्थ एका उभयान्वयी अव्ययाचा. अमेरिकेच्या संविधानातील 1791 च्या पाचव्या दुरुस्तीचे संरक्षण मात्र निर्दोष सुटलेल्यालाही लाभते.

आपल्याकडे त्याचा आधार साध्या कायद्याचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 300 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 337 आहे. नोकर चोरीच्या आरोपातून सुटला, तर त्याच वस्तुस्थितीवरून विश्वासघाताचा खटला भरता येत नाही. मारहाणीची शिक्षा झाल्यावर जखमी मनुष्य पुढे दगावला, तर मनुष्यवधाचा खटला चालू शकतो. तो अपवाद रास्तच आहे. कलम चांगले आहे. पण साधा कायदा संसदेचे साधे बहुमत बदलू शकते. मूलभूत हक्काला हात लावण्यास विशेष बहुमत लागते. निर्दोषाचे अभय मग कच्च्या भिंतीवर का उभारावे?

कोणी म्हणेल, अशाने गुन्हेगार मोकाट सुटतील. हा आक्षेप टिकत नाही. निर्दोष मुक्ततेविरुद्ध शासनाला अपील करता येते, आणि अपील हा त्याच खटल्याचा पुढचा टप्पा असतो. तो कोणी काढून घेत नाही. अपिलाचे दार बंद झाल्यावर मात्र प्रकरण कायमचे मिटावे, एवढीच मागणी आहे. शासनाजवळ पोलीस आहेत, वकील आहेत, खजिना आहे. आरोपीजवळ बहुधा विकायला काढलेली जमीन आणि कोर्टाच्या पायरीवर झिजलेली वर्षे असतात.

हे तत्त्व ख्रिस्ती परंपरेला परके नाही. परमेश्वर एकाच अपराधाचा न्याय दोनदा करीत नाही, हा विचार संत जेरोम यांनी नहूमच्या ग्रंथावरील भाष्यात मांडला. बाराव्या शतकात संत थॉमस बेकेट यांनी त्याच आधारे राजा दुसऱ्या हेन्रीला विरोध केला.

जे देवाने स्वतःला वर्ज्य मानले, ते शासनाने स्वतःसाठी मोकळे ठेवू नये. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घालण्याची दुरुस्ती आपल्या खासदारांकडे मागणे, हे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहे.