पांढरा थर आणि अंघोळीचे गरम पाणी



थंडी सुरू झाली की आमच्या वस्त्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "गेल्या वर्षीच घेतलेला रॉड, यंदा चालतच नाही." कुणाचा गिझर खडखड वाजतो, कुणाच्या बंबाला पूर्वीपेक्षा दुप्पट सरपण लागते. वस्तू काढून पाहावी तर तिच्यावर पांढरा, खरखरीत, दगडासारखा थर बसलेला. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे दृश्य नित्याचे झाले आहे. म्हणून या वेळी या थराचाच विचार करू. विषय किरकोळ वाटेल, पण त्यात घराचा पैसा आहे आणि वेळप्रसंगी घरातल्या माणसाचा जीवही आहे.

प्रथम हा थर येतो कुठून ते समजून घेऊ. पावसाचे पाणी मुळात क्षाररहित असते. ते हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेत जमिनीत मुरते आणि किंचित आंबट होते. असे पाणी खडकातून झिरपताना त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेते. आपल्या महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या पाषाणाचा, त्यामुळे विहिरी-बोअरच्या पाण्यात हे क्षार असायचेच. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे, म्हणजे ज्यात साबणाला नीट फेस येत नाही ते पाणी. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा तर प्रसिद्धच आहे. तिथे साधे मीठही पाण्यात भरपूर. उलट मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे पाणी येते, ते पावसाचे साठवलेले म्हणून मऊ. मुंबईत वर्षानुवर्षे स्वच्छ राहिलेला रॉड गावी नेला की एका हिवाळ्यात पांढरा का होतो, याचे उत्तर हेच.

हे पाणी तापले की आत विरघळलेला वायू उडून जातो आणि कॅल्शियमचा क्षार विरघळलेला राहू शकत नाही. तो चुनखडी होऊन बाहेर पडतो, आणि जी जागा सर्वांत जास्त तापलेली तिथेच आधी चिकटतो. म्हणून थर बादलीला कमी आणि कॉइलला जास्त. पाणी जितके जास्त तापवाल तितका थर जास्त. साठ अंशांच्या पुढे तर तो झपाट्याने वाढतो. श्रीमंतांच्या घरी गरम पाण्याचे मोठाले टब असतात, त्यांनाही हाच क्षार छळतो. निसर्गाचा नियम गरीब-श्रीमंत पाहत नाही. फरक इतकाच की त्यांच्याकडे दुरुस्तीला माणूस येतो, आपल्याला आपणच सांभाळावे लागते.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००, सन २०१२) दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम दिली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. समजा आपल्या बोअरचे पाणी ४०० चे आहे आणि पाच माणसांच्या घरात रोज ६० लिटर पाणी तापते. म्हणजे रोज २४ ग्रॅम क्षार कॉइलजवळून जातो, वर्षाला पावणेनऊ किलो. यातला बहुतेक पाण्याबरोबर मोरीत वाहून जातो. पण शंभरातला एकच भाग चिकटला तरी वर्षाला ८५-९० ग्रॅम दगड त्या बोटभर जाडीच्या कॉइलवर बसला.

आता नुकसान कसे होते ते पाहा. चुनखडीतून उष्णता धातूच्या मानाने कितीतरी पटींनी सावकाश जाते. सरपणाच्या बंबात किंवा चुलीवरच्या पातेल्यात असा थर बसला की जाळाची उष्णता पाण्यात न शिरता धुराबरोबर निघून जाते, सरपण वाया जाते. विजेच्या रॉडचे मात्र वेगळे आहे. त्याची उष्णता अखेर पाण्यातच उतरते, त्यामुळे निव्वळ थरामुळे बिल फार फुगते असे नाही. पण थराखाली कोंडलेली कॉइल आतल्या आत भलतीच तापते आणि एक दिवस तिची नळी तडकते किंवा आतली तार जळते. तार जळली तर रॉड गेला, एवढ्यावर भागते. नळी तडकली तर वीज थेट बादलीच्या पाण्यात उतरते. खरी भीती ही आहे.

आणि ही तडक पुष्कळदा आपणच पाडतो. थर दिसला की कुणी सुरीने खरवडते, कुणी दगडाने ठोकते. थर निघतो, पण नळीवर बारीक चीर राहून जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आई बादलीत हात घालून पाणी कोमट झाले का पाहते. म्हणून आमचे पहिले सांगणे : रॉड कधीही ठोकू नका, खरवडू नका.

थर काढण्याचा खरा मार्ग आंबटाचा आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, थोडक्या पैशांत मिळते. रॉड बटण बंद करून, प्लग काढून, पूर्ण थंड होऊ द्या. प्लास्टिकच्या उंच भांड्यात एक लिटर कोमट पाण्याला दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा आणि फक्त कॉइलचा भाग त्यात बुडवा. मूठ आणि वायर कोरडी राहिली पाहिजे. बुडबुडे येतील, तो चुनखडीतून सुटणारा वायू. तास-दोन तासांनी थर मऊ होऊन सुटतो. जुना थर असेल तर नवे पाणी करून पुन्हा बुडवा, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने हलके घासा व साध्या पाण्याने धुवा. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरे व्हिनेगर चालते. या आंबट पाण्यात असताना रॉड चालू करायचा नाही, हे मुलांनाही बजावून ठेवा. आणि ते पाणी शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. शहाबादी फरशीही चुनखडीचाच दगड, आंबटाने तिचीही झीज होते.

संडास धुण्याचे तेजाब मात्र या कामाला वापरू नका. ते थराबरोबर धातूही खाते. त्याहून मोठा धोका असा की तेजाब आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. आपल्या वस्तीतल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या घरची संडास-मोरी धुण्याचे काम करतात. त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे आणि मालकिणीने सांगितले तरी या दोन वस्तू एकत्र करू नयेत.

थर काढण्यापेक्षा तो बसू न देणे सोपे आणि स्वस्त. त्यासाठी चार सवयी पुरेत.

पहिली, पाण्याला उकळी आणू नका. अर्धी बादली कढत करून तिच्यात गार पाणी मिसळण्यापेक्षा, लागेल तेवढे पाणी अंघोळीपुरते गरम करा.

दुसरी, काम झाल्यावर बटण बंद, प्लग बाहेर, दोन-चार मिनिटे रॉड पाण्यातच राहू द्या, मग काढून फडक्याने पुसा. ओला रॉड वाळला की त्यावरच्या थेंबांतला क्षार तिथेच राहतो. पुसायला अर्धे मिनिट लागते.

तिसरी, महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाची अंघोळ रॉडला घाला. पातळ थर तासाभरात जातो, जाड थर दिवस खातो.

चौथी, पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी धरता येत असेल तर पहिल्या एक-दोन सरी वाहू देऊन नंतरचे धरा व तापवायला वापरा. नगरपालिकेचे धरणाचे पाणी आणि बोअरचे पाणी दोन्ही येत असेल, तर धरणाचे तापवायला आणि बोअरचे फरशीला, संडासाला.

ज्यांच्या घरी टाकीचा गिझर आहे त्यांनी त्याचा काटा ५५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवावा. फार खाली आणू नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात रोगजंतू वाढतात. वर्षातून एकदा माहीतगार मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून धुऊन घ्यावी. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते, तीही तेव्हाच पाहून घ्यावी. दाब सोडणाऱ्या वाल्व्हमध्ये क्षार अडकला तर तो उघडत नाही आणि टाकी फुटू शकते. तो गळतो म्हणून कुणी बूच ठोकले असेल तर आजच काढून वाल्व्ह बदलून घ्या.

काही गैरसमजही दूर करू. तुरटीने गढूळ पाणी निवळते, क्षार जात नाहीत. क्लोरीनच्या औषधाने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. नळीला चुंबक बांधून क्षार पळवण्याच्या जाहिराती येतात, त्यांना पक्का शास्त्रीय आधार नाही. त्यावर पैसे घालवू नका. धुण्याच्या सोड्याने मात्र क्षार खाली बसतो, म्हणून कपडे भिजवताना थोडा सोडा घातला तर साबण कमी लागतो. आणि या कॅल्शियम-मॅग्नेशियमची पिण्याच्या बाबतीत धास्ती घेऊ नये, शरीराला त्यांची गरजच असते. पण त्याच पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर ते घातक, आणि ते डोळ्यांना, जिभेला कळत नाही. त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण, पेटी कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

शेवटी विजेची शिस्त. रॉड आय.एस.आय. शिक्क्याचा घ्या. १५०० वॅटचा असेल तर त्याला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो आणि अर्थिंग जिवंत हवे. लोखंडी-पितळी बादलीत रॉड लावू नका. रॉड पाण्यात सोडल्यावरच बटण चालू करा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. लहान मूल घरात असेल तर रॉड चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथून हलू नये. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवला तर पाण्यात वीज उतरताच तो क्षणात प्रवाह तोडतो. एका घराला खर्च जड वाटला तर चाळीतल्या चार घरांनी मिळून एकच वायरमन बोलवा, मजुरी वाटून जाईल. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वेगळे करा.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटे या विषयाला द्या. लिंबूसत्त्वाचा एक पुडा आणि कुणाचा तरी पांढरा पडलेला रॉड समोर ठेवा. बोलण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले जास्त पटते. अंघोळीला गरम पाणी मिळणे ही काही चैन नाही. पहाटे कामावर निघणाऱ्या बापाला, शाळेत जाणाऱ्या लेकराला आणि सांधे धरलेल्या आजीला ते मिळालेच पाहिजे, आणि तेही सुखरूप.