फुकट मिळाले म्हणून आपले झाले का?



मागच्या महिन्यात एका संशोधक मुलाचा फोन आला. "ताई, तुमच्या संस्थेच्या साइटवर त्या आजींची मुलाखत होती ना, १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची? गूगलवर नाव दिसतंय, पण दाबलं की जपानी भाषेतल्या बुटांच्या जाहिराती उघडतात." मी थेट पत्ता टाकून पाहिले तर मुखपृष्ठ व्यवस्थित. गूगलवरून गेले तर बूट. आणि मुलाखतीच्या पानावर आजींचे नाव, फोटो आणि खाली ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हे.

आजी वारल्या त्याला सहा वर्षे झाली. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर लेकरू कडेवर घेऊन तुरुंगात गेलेली बाई. तिचे बोलणे आता प्रश्नचिन्हांत आहे.

हे कसे झाले ते सांगते, कारण हे फक्त आमच्याकडे झालेले नाही. आपल्या चळवळीच्या किती साइट अशा मेल्या, ते तुम्हीच आठवून पाहा.

२०१० च्या सुमारास आमच्या वस्तीतल्या, इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या एका मुलाने ती साइट जुमलावर उभी केली. पैसे घेतले नाहीत. तेव्हा जुमला चळवळीत बऱ्यापैकी चालत होते. राउंड टेबल इंडियाच्या जुन्या लेखांच्या लिंका पाहिल्या तरी ते कळते. पुढे मुलगा नोकरीला पुण्याला गेला. जुमला १.५ ची अधिकृत मदत २०१२ मध्ये थांबली. वरच्या आवृत्तीवर नुसते बटण दाबून जाता येत नव्हते, जवळजवळ घर बदलावे तशी साइट हलवावी लागे. आम्हाला हे कोणी सांगितले नाही आणि आम्ही कोणाला विचारलेही नाही. साइट दिसतेय ना, मग झाले. काही वर्षांनी ती एका व्यावसायिकाला थोडक्या पैशांत वर्डप्रेसवर हलवायला दिली. त्याने विकतची थीम चोरीची वापरली, आणि मजकूर हलवताना एन्कोडिंग चुकवले. देवनागरी न ओळखणाऱ्या साच्यात देवनागरी ओतली की डेटाबेस अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि मूळ अक्षर त्यातून पुन्हा काढता येत नाही. चोरीच्या थीमला मागचे दार होते. त्यातून बूट आले.

आता वादाचा मुद्दा. आमच्या बैठकीत दोन मते पडली. एक म्हणे, "फुकटच्या सॉफ्टवेअरचे हेच होणार, पैसे टाकून कंपनीचे घ्या." दुसरे म्हणे, "साइट हवी कशाला, फेसबुक-यूट्यूब आहे की." मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. दुसऱ्याबद्दल फार बोलत नाही. ज्यांची पाने १४ एप्रिलच्या तोंडावर बंद पडली आणि कोणाकडे दाद मागायची हेही कळले नाही, त्यांना विचारा. पहिल्याबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे.

कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणजे आजचा छापखाना. खिळे, यंत्र, प्रुफाचे टेबल, सगळे त्यात आले. 'मूकनायक' १९२० साली निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊ केलेली जाहिरातही छापली नाही, हे आपण भाषणात दरवर्षी सांगतो. त्याच्या पुढची गोष्ट कमी सांगतो. बाबासाहेब दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून राहिले नाहीत. भारत भूषण प्रेस उभा राहिला, पुढे तो बुद्ध भूषण झाला. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तो छापखाना पाडला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. बरोबरच केले. पण आजचा छापखाना आपल्याच हातून दर वर्षी पडतो, होस्टिंगचे पैसे भरायचे राहतात म्हणून, पासवर्ड एकाच माणसाकडे असतो म्हणून, त्याचे काय?

आणि इथे 'फुकट' या शब्दाने घात केला आहे. वर्डप्रेस, जुमला, द्रुपल हे फुकट मिळतात, पण फुकट तयार होत नाहीत. कोणीतरी रात्री जागून ते लिहिते, कोणीतरी चुका शोधते, कोणीतरी अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देते. साइट बूट विकू लागली तेव्हा मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मदत मागितली. पहिले उत्तर आले, "विचारण्यापूर्वी शोधले का?" दुसरे आले, "सगळी प्लगइन बंद करून पाहा." तिसऱ्याने माझ्या भाषेची चूक काढली. मी चिडले, तोंडाला येईल ते लिहिणार होते. चौथा कोण कुठला, नाव-गाव माहीत नाही, पण तो दोन रात्री माझ्याबरोबर बसला. कुठली फाइल उघडायची, कुठली ओळ काढायची, एकेक करून सांगितले. त्याला माझी जात माहीत नव्हती, मला त्याचा देश. पैसे विचारले तर म्हणाला, पुढच्याला मदत कर. मी अजून कोणालाच केलेली नाही. हा लेख लिहिताना ते टोचते आहे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारता'त एक अग्रलेख लिहिला, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या नावाचा. मदतीला माणूस नाही, अंकाचे रकानेच्या रकाने एकट्याने भरायचे, आणि समाज वर्गणीसुद्धा वेळेवर देत नाही, ही त्यातली व्यथा. ती वाचली की मला सॉफ्टवेअर एकट्याने सांभाळणारे लोक आठवतात. वापरणारे लाखो, सांभाळणारा एक, आणि काही बिघडले की शिव्याही त्यालाच. आपण तो अग्रलेख फ्रेम करून लावतो आणि साइट करून दिलेल्या पोराला नंतर साधा फोनही करत नाही. आमच्या त्या मुलाला गेल्या दहा वर्षांत किती फोन केले, याचा हिशेब मी मागितला तर बैठक शांत झाली. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, होस्टिंगला जमत नाही, हे मी पहिल्यांदा म्हणत नाही. पण म्हणत राहणार.

एवढे आपल्याला बोलून झाल्यावर आता त्यांच्याकडे वळते. ओपन सोर्सवाले 'कम्युनिटी' हा शब्द फार वापरतात. आपल्याकडे कम्युनिटी म्हणजे समाज, आणि समाज म्हटले की उतरंड आलीच. तिथेही ती आहे. कोड लिहिणारा वर, भाषांतर करणारा, माहिती लिहिणारा, प्रश्नांना उत्तरे देणारा खाली. नाव सगळ्यांचे छापून येते, निर्णयात जागा थोड्यांनाच. 'इथे फक्त मेरिट चालते' असे अभिमानाने सांगतात. मायकेल यंगने १९५८ मध्ये 'मेरिटोक्रसी' हा शब्द पुस्तकाच्या नावावर घातला तो टवाळी म्हणून. लोकांनी तो खरा धरला. संध्याकाळचे चार तास बिनपगारी काम करायला कोणाला मिळतात? ज्याच्या घरात स्वतःची खोली आहे, लॅपटॉप आहे, आणि पगार दुसरीकडून येतो त्याला. सातपूर-अंबडच्या कंपनीत कंत्राटी पाळी करून आलेल्या पोराला 'तू योगदान का देत नाहीस' असे विचारणे म्हणजे थट्टा आहे. नाशिक, पुणे, मुंबई, नागपूर इथे वर्डकॅम्प झाले, चांगली गोष्ट आहे. एका मेळाव्यात मी मराठी साइटच्या अडचणी काढल्या तर एक गृहस्थ म्हणाले, "मराठीत साइट वाचतं कोण, मॅडम?"

अडचण काय, तर ऐका. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून लिंकचा पत्ता बनवते. त्याची मर्यादा २०० चिन्हांची. इंग्रजी अक्षराला एक चिन्ह लागते, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला वेगवेगळी नऊ. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास मराठी शीर्षक छाटले जाते. आमच्या पानाचे नाव होते 'भूमिहीनांच्या सत्याग्रहातील आजी'. पत्त्यात उरले 'भूमिहीनांच्या सत्याग्रह'. आजी तिथूनच गायब! हे कोणी कट करून केलेले नाही. करताना समोर मराठी माणूस नव्हता, एवढेच. पण समोर नसणे हाच तर आपला जुना प्रश्न आहे. आणि भाषांतर? वर्डप्रेसची मराठी स्वयंसेवकांनी केली आहे. शब्द कोणीही सुचवू शकतो, मान्यता संपादक देतात. ती मराठी माझ्या आईला कळते का, हा प्रश्न मला पडतो. पण आपण आजवर किती शब्द सुचवले? मी एकही नाही. पुस्तकी मराठीवर टीका करायला आपण पुढे, पर्यायी शब्द टाइप करायला कोणी नाही.

आणि मालकी कोणाची? २०२४ मध्ये ते उघडे पडले. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांचे भांडण जुंपले. ही कंपनी घेते फार, देते काही नाही, हा मुलेनवेग यांचा आरोप. आरोपात तथ्य असेलही. वर मी आपल्यावर तोच केला आहे. पण पुढे काय झाले पाहा. सप्टेंबरात त्या कंपनीची वाट बंद केली, आणि तिचे हजारो ग्राहक, ज्यांचा भांडणाशी संबंध नव्हता, ते अडकले. ऑक्टोबरात तिचे एक लोकप्रिय प्लगइन नाव बदलून ताब्यात घेतले. खाते उघडताना 'माझा त्या कंपनीशी संबंध नाही' अशी खूण करणे सक्तीचे केले. १० डिसेंबरला अमेरिकेतल्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तेव्हा त्या जागी 'पिझ्झावर अननस छान लागतो' अशी खूण आली. सगळ्यांना हसू आले असेल. मला आले नाही. ज्या संकेतस्थळावरून जगभरच्या साइटना दुरुस्त्या आणि प्लगइन मिळतात ते एका माणसाच्या खासगी मालकीचे आहे, हे बहुतेकांना तेव्हा कळले. जानेवारी २०२५ मध्ये वेगळी वाट काढू पाहणाऱ्या काही जुन्या माणसांची खाती बंद झाली. समाज म्हणायचे आणि वाडा चालवायचा, हे आपण ओळखतो.

मग कंपनीचे विकत घ्यायचे? नाही, आणि का नाही ते नाशिककराला तरी कळावे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी वेगळी वाट जाहीर केली. ओपन सोर्समध्ये येवल्याची वाट परवान्यातच लिहिलेली आहे. कोणीही सगळा कोड घेऊन बाहेर पडू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो; कोणाची परवानगी लागत नाही. त्याला फोर्क म्हणतात. वर्डप्रेस स्वतः २००३ मध्ये बी-टू नावाच्या बंद पडत चाललेल्या प्रणालीतून असेच निघाले. मॅट यांच्या बरोबर माइक लिटल होते, त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे? जुमला २००५ मध्ये मॅम्बोतून निघाले. कंपनीने उभारलेल्या संस्थेत आपल्याला आवाज नाही, असे म्हणून कोड लिहिणारे एकत्र बाहेर पडले. नाव घेतले स्वाहिलीतल्या 'जुमला' शब्दावरून, सगळे मिळून या अर्थाचे. मूळ अरबी, आपल्या जुन्या हिशेबाच्या वह्यांतही एकूण बेरजेला जुमलाच म्हणत. आता दिल्लीने त्या शब्दाचे काय केले ते सोडा.

कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये हा अधिकार नाही. तिथे आपण भाडेकरू. इथे अधिकार आहे, पण येवल्याच्या घोषणेनंतर १४ ऑक्टोबर १९५६ उजाडायला एकवीस वर्षांची तयारी लागली, हेही लक्षात ठेवा. फोर्क करायला माणसे लागतात. आपल्याकडे साधा बॅकअप घेणारी माणसे नाहीत आणि आपण डिजिटल ब्राह्मणशाहीवर व्याख्याने देतो. मीही दिले आहे, एका महाविद्यालयात, टाळ्या मिळाल्या. त्याच आठवड्यात साइटवर बूट होते.

आता काय चालू आहे ते सांगते. पुण्याच्या मुलाला मी फोन केला. तो रागावला नाही, उलट रडला. त्याची जुनी हार्ड डिस्क बंद पडली आहे. इंटरनेट अर्काइव्हवर साइटची काही जुनी पाने सापडली, आजींचे पान त्यात नाही. पण मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ती आधी हाताने वहीत लिहिली होती. वही मिळाली. सुरुवातीची बारा पाने ओलीने गेली आहेत, बाकीची वाचता येतात. जुन्या अंकांचे टायपिंग श्रीलिपीत आहे, तेही युनिकोडमध्ये आणायचे आहे. साइटचे पासवर्ड आता तिघांकडे आहेत, त्यांत दोन मुली. बॅकअप दर पौर्णिमेला, वंदनेनंतर, म्हणजे कोणी विसरत नाही.

दर रविवारी दुपारी तीनला आम्ही नाशिकरोडच्या विहारात बसतो. वहीच्या एक्केचाळिसाव्या पानापर्यंत टायपिंग झाले आहे. आजी नुकत्याच तुरुंगातून सुटून घरी आल्या आहेत, आणि सासू दारात उभी आहे. पुढचे पान अजून कोणी टाइप केलेले नाही. युनिकोड येत असेल तर या, लॅपटॉप नसला तरी चालेल.