डासाच्या वंशाचा निवाडा

पावसाळा सरतो आणि दिवाळी येते. ज्या दिवसांत घराघरांत फराळाची तयारी चालू असते, त्याच दिवसांत दवाखान्यांत डेंग्यू-हिवतापाचे रुग्ण दाखल असतात. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी परततात. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मात्र हिवताप घरेच्या घरे रिकामी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली शंभरात पंचाण्णव आफ्रिकेतली, आणि त्यांतही चारात तीन पाच वर्षांखालची मुले. या मुलांच्या रक्तात परजीवी सोडणाऱ्या डासांत ॲनोफिलीस गॅम्बी ही जात अग्रभागी आहे. तिचा वंशच संपवू शकेल असे साधन आज प्रयोगशाळेत तयार आहे. ते वापरावे का? माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण हे ‘होय’ म्हणण्याचा अधिकार मला नाही, ज्याने ते साधन बनवले त्यालाही नाही. तो कोणाचा, हे ठरल्याशिवाय एकही डास उघड्यावर सुटता कामा नये.

साधन कसे चालते ते समजून घेतले नाही, तर ही चर्चा हवेत राहील. एरवी आई किंवा बाप यांच्याकडचे एखादे जनुक साधारण निम्म्या संततीत उतरते. ते अपायकारक असेल तर काही पिढ्यांत मागे पडून नाहीसे होते. ‘जीन ड्राइव्ह’ हा हिशेब उलटवते. ते जोडीच्या गुणसूत्रावरची नेमकी जागा कापते आणि तिथे आपली प्रत बसवते. त्यामुळे जवळजवळ सगळ्याच पिल्लांत ते पोहोचते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील ऑस्टिन बर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढे जनुके नेमकी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ती आवाक्यात आणली. त्याच कॉलेजातील आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘डबलसेक्स’ नावाच्या जनुकावर तिचा प्रयोग केला. ज्या माद्यांत जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या त्यांना ना चावता येई, ना अंडी घालता येत. नर धडधाकट राहिले आणि बदल पुढे नेत राहिले. ७ ते ११ पिढ्यांत पिंजऱ्यांतली सगळी वस्ती संपली. पिंजऱ्याला दार असते. उघड्यावर सोडलेला डास मात्र परत बोलावता येत नाही, आणि गावाची शीव, देशाची सीमा त्याला ठाऊक नसते.

पहिला आक्षेप येतो तो वंश संपवण्यावरच. तक्षकाच्या दंशाने बाप गेला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले, आणि ज्यांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते ते सर्पही त्या अग्नीत पडू लागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण डासांच्या सुमारे साडेतीन हजार जाती आहेत, आणि इथे सगळे डासकुळ कोणी होमात घालत नाही. केवळ गॅम्बीवर जगणारा भक्षक आजवर आढळलेला नाही. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा एक कोळी रक्त प्यालेले ॲनोफिलीस आवडीने टिपतो, पण तोही दुसरे कीटक खातो. उलट आपली आजची धूरफवारणी निवड करत नाही, ती समोर येईल त्या किड्याला मारते. डासाला जगू देऊन त्याच्या पोटातला परजीवी तेवढा रोखण्याचे प्रयत्नही कॅलिफोर्नियात अँथनी जेम्स आणि इतर संशोधक करत आहेत, तेही आपल्या शहरांतल्या ॲनोफिलीस स्टिफेन्सीवर. ते साधले तर आधी तोच मार्ग धरावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लशीची शिफारस २०२३ मध्ये झाली, हेही मोठे काम. मात्र प्रत्येक मुलापर्यंत चार डोस पोहोचवावे लागतात, आणि रस्ता नसलेल्या गावात ते किती अवघड आहे हे सांगायला नको.

सर्पसत्र थांबवले ते आस्तिकाने. त्याची आई नागकन्या, बाप ऋषी. ज्याचे दोन्हीकडे रक्ताचे नाते, त्याचा शब्द राजाला मानावा लागला. आजच्या निर्णयात ती जागा डासांच्या सोबतीने राहणाऱ्या आणि स्वतःची लेकरे गमावणाऱ्या माणसांची आहे. त्यांना वगळले की काय होते, हे भारताने पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचे डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे एक केंद्र दिल्लीत होते आणि त्याला पैसा अमेरिकेचा होता. सोनीपतमध्ये एडिस डास सोडायची तयारी झाली होती. हे संशोधन जैविक युद्धासाठी तर नाही ना, असा संशय वृत्तपत्रांतून आणि संसदेतून उठला. १९७५ मध्ये डास सोडणे रद्द झाले आणि केंद्रही बंद पडले. संशय खरा होता की खोटा, यावर वाद घालता येईल. पण तो उठायला जागा ठेवली होती, ही चूक संशोधनाची होती. बुर्किना फासोचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. तिथल्या बाना गावाची संमती घेऊन २०१९ मध्ये ‘टार्गेट मलेरिया’ या संशोधन प्रकल्पाने वंध्य नर डास सोडले, त्यांत जीन ड्राइव्ह नव्हते. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने सगळे काम थांबवले. म्हणजे एका गावाचा होकार पुरत नाही. डास जिथवर उडेल तिथवरच्या लोकांशी बोलावे लागेल, आणि पैसा कोणाचा हे पहिल्याच बैठकीत सांगावे लागेल.

यावर कळकळीने विचारले जाते: तुम्ही बैठका घेत बसाल, तोवर मुले मरतील त्याचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. उशिराची किंमत आहे, आणि ती तीच मुले मोजतात. म्हणूनच बैठका आजपासून, साधन पिंजऱ्यात आहे तेव्हाच सुरू झाल्या पाहिजेत. डास सोडण्याच्या आदल्या महिन्यात नव्हे. घाईने मिळवलेले एक वर्ष सोनीपतसारखी कित्येक वर्षे गमावते.

हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा नाही. जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत २०१७ मध्ये जनुकबदल केलेल्या एडिस डासांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांतही जीन ड्राइव्ह नव्हते. त्या वेळी महाराष्ट्रात त्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. राज्यात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली सोसते, आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारी मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभाही त्याच जिल्ह्यात आहे. उद्या जीन ड्राइव्हचा प्रस्ताव आपल्याकडे आला, तर तो आधी तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवला जावा, मराठीत, गोंडीत आणि माडियात, आणि नकार देण्याची मुभा ठेवून. वाचकहो, ही मागणी आजच लावून धरा.