वाइन संपते, आठवण मात्र पुन्हा गिऱ्हाईक आणते



गेल्या शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. घरी शिराझ या रेड वाइनची बाटली उघडली. पहिल्याच घोटाला बायको म्हणाली, "अहो, नाशिक आठवतंय का? ती जांभळी बोटं?"

आठ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, द्राक्षतोडणीच्या हंगामात आम्ही सुला विनयार्ड्सला गेलो होतो. तिथे काळं द्राक्ष चिरडून पाहिलं तर आतला रस जवळजवळ पांढरा! रेड वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. साल चोळून आमची बोटं जांभळी झाली होती.

आता बिझनेसचा मुद्दा. परवा वाइन शॉपमध्ये त्याहून स्वस्त बाटल्या होत्या. डिस्काउंटही होता. तरी माझा हात त्याच बाटलीकडे गेला. का? कारण ती कशी बनते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. तेव्हा आपल्याकडे वाइन पिणारे किती होते? त्यात टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करता येत नाही. मग त्यांनी गिऱ्हाइकालाच मळ्यात बोलावलं. दाखवलं, चाखवलं, मग विकलं. माझं स्पष्ट मत आहे, छोट्या दुकानदाराने डिस्काउंटआधी हे शिकावं.

त्या वर्षी माझं मसाल्याचं दुकान अडचणीत होतं. समोरच्याने किलोमागे वीस रुपये कमी केले, मी तीस केले. गर्दी झाली, पण मार्जिन गेलं आणि मिरचीवाल्याची तीन महिन्यांची उधारी थकली. घरी रात्री हिशोबाची वही उघडायची भीती वाटायची.

नाशिकहून आल्यावर मागच्या खोलीतलं कांडप मशीन मी दुकानाच्या पुढे आणलं. बेडगी किती, लवंगी किती, हे गिऱ्हाइकासमोर मोजायला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका काकूंनी मिरचीतले देठ काढून माझ्या हातावर ठेवले. "हे पण दळणार का रे?" लाज वाटली. पण त्या दिवसापासून आमच्याकडे मिरची निवडल्याशिवाय मशीनमध्ये जात नाही. मित्रांनो, दाखवायचं ठरवलं की लपवायला जागा उरत नाही. खरा फायदा हाच.

चमत्कार झाला नाही. उधारी फिटायला दोन उन्हाळे गेले. पण भाव मी परत वाढवला आणि काकू आजही येतात. येताना सुनेलाही आणतात.

काही जण म्हणतील, "सर, हे मोठ्यांचे खेळ." अजिबात नाही. भिंतीवर सेल्फी पॉइंट रंगवा असं मी सांगतच नाही. तुम्ही शिवणकाम करत असाल तर आतली शिलाई उलटून दाखवा. लाडू विकत असाल तर तूप कोणतं ते समोर ठेवा.

आणि हो, वाइन प्या असा हा सल्ला नाही! सल्ला एवढाच: आज दुकान बंद करण्याआधी वहीत एक ओळ लिहा. "माझ्या कामातली कोणती गोष्ट मी गिऱ्हाइकाला बिनधास्त दाखवू शकतो?"

उत्तर सुचलं नाही, तर आधी तिथेच दुरुस्ती करा. जाहिरातीचे पैसे नंतर घाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत!