काळ आला होता, पण वेळ आली नव्हती?

पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी, गावोगावी झाडांच्या फांद्या उतरवण्याची घाई सुरू होते. 2020 च्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने कोकणातल्या बागा आडव्या केल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते'ने किनारा झोडपला. घरावर झुकलेल्या फांदीची धास्ती वाटणे साहजिकच आहे. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्यानुसार परवानगी लागते, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण जो माणूस दोर घेऊन वर चढतो, त्याचा दोर कोणी तपासला आहे का?

हे काम दिसते तितके सोपे नाही. ओले लाकूड साधारण पाण्याइतके जड धरले, तर 30 सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे 70 किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते, म्हणजे 280 किलो! नजरेचा अंदाज इथेच फसतो. त्याहून मोठी फसगत हिसक्याची. 100 किलोचा ओंडका मीटरभर मोकळा पडला आणि दोराने तो पुढच्या दहा सेंटिमीटरांत थांबवला, तर दोरावर सरासरी 1100 किलोंचा ताण येतो. वर कप्पी टांगली असेल, तर तिच्यावर दोराच्या दोन्ही बाजूंची ओढ पडते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि ज्या खोडाला ती कप्पी बांधलेली, त्याच खोडाला पुष्कळदा वरचा माणूसही बांधलेला असतो. शिवाय गाठीने दोराची ताकद घटते, उन्हाने प्लॅस्टिकचा दोर कमकुवत होतो. म्हणून जाणकार लहान तुकडे उतरवतात, दोर सैल ठेवत नाहीत, खाली बुंध्याला वेढे देऊन तो हळूहळू सरकू देतात, आणि हाताला कधीच गुंडाळत नाहीत.

हे शहाणपण आले कुठून? चुकांतूनच. शेवग्यावर चढू नये, असे आपल्याकडे घराघरांत सांगतात. कधीतरी कुणीतरी पडला, आणि त्याचे पडणे लपवले गेले नाही, म्हणून ते चार पिढ्यांना उपयोगी पडले. आज मात्र कप्पी निसटली, ओंडका हातभर अंतरावरून गेला, की आपण म्हणतो, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' म्हण छान आहे. पण तिने चौकशीचे दारच बंद होते. गाठ सुटली की फांदी मोडली, हे कोणी विचारत नाही. रोजंदारीचा माणूस आपण होऊन सांगतही नाही; उद्याचे काम जाईल ही भीती त्याला असते.

सप्टेंबर-ऑक्टोबर 1974 च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगराला धडकता धडकता वाचले. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ही गोष्ट इतरांपर्यंत पोहोचली नाही. 1 डिसेंबरला दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच परिसरात, तशाच गैरसमजातून डोंगरावर आदळले. 92 जण गेले. त्यानंतर 1976 मध्ये तिथे वैमानिकांना आपल्या चुका नाव गुप्त राखून कळवता येतील, अशी व्यवस्था उभी राहिली. चूक सांगणाऱ्याला अभय मिळाले, तर पुढच्याचा जीव वाचतो, हा तिचा साधा अर्थ.

झाडांच्या कामाला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. ठेकेदाराने संध्याकाळी दहा मिनिटे सर्वांना बसवून आज काय निसटले, एवढे विचारावे, वहीत लिहावे, आणि सांगणाऱ्याची मजुरी कापू नये. गृहसंस्थांनी सर्वांत कमी दराबरोबर दोर, कप्पी, शिरस्त्राण आणि विमा यांचीही चौकशी करावी. मुलांना फांदीखालून दूर ठेवणे तर आपल्याच हाती आहे. वेळ आली नव्हती, हे खरे. पण ती का आली नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या वेळीही ती येणार नाही, असे कोणत्या भरवशावर म्हणायचे?