'जेवलास'मधला स

बऱ्याच दिवसांनी शनिवारची सकाळ मोकळी मिळाली. घरातले सगळे झोपलेले, चहाचा दुसरा कप, कानावर हेडफोन. म्हटलं, दोन वर्षं टाळलेलं काम आज उरकूनच टाकू. आज्जीच्या ओव्यांच्या फाइली नीट लावायच्या होत्या. काम काही उरकलं नाही, पण डोक्यात जे घोळायला लागलं ते इथं लिहून टाकतो. थोडं तांत्रिक आहे, पण लगेच पळून जाऊ नका :)

आमचं गाव आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. २०१९ च्या दिवाळीत मी पुण्याहून नवाकोरा कंडेन्सर माइक घेऊन गावी गेलो. आज्जी तेव्हा ऐंशीच्या पुढची. जातं कधीच अंगणात उलटं पडलेलं, पण ओव्या सगळ्या तोंडपाठ. बाहेर ऊस वाहणारे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते, म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून पंखा चालू. पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून माइक आज्जीच्या तोंडापासून चार बोटांवर. त्यात तिची कवळी नवीन. प्रत्येक 'स' ला बारीक शिट्टी वाजायची.

पुण्यात येऊन ऐकलं तर कानात सुया टोचल्यासारखं झालं. मग कुठल्याही इंजिनिअरने केलं असतं तेच मी केलं. प्लगिन शोधलं.

डी-एसर नावाचं एक हत्यार असतं. 'स', 'श' आले की ते वरच्या पट्टीतला आवाज क्षणभर खाली दाबतं आणि अक्षर सरलं की सोडून देतं. कल्पना जुनी आणि उपयोगी आहे. ग्रामोफोनची तबकडी कापताना तीव्र 'स' मोठी डोकेदुखी असायचा, सुईला ती खाच नीट वाचताच यायची नाही. म्हणजे हत्यार वाईट नाही. वापरणारा उतावळा होता. मी तयार सेटिंग निवडलं, थ्रेशोल्ड तळाला नेला, पंख्यासाठी नॉइज रिडक्शनचा एक हात मारला आणि अकराच्या अकरा फाइली एका दमात काढल्या. एमपीथ्री करून घरच्या ग्रुपवर टाकल्या. लॅपटॉपवर जागा कमी होती, म्हणून मूळ फाइली उडवल्या. (हो. बॅकअपवर इतरांना व्याख्यानं देणाराच मी.)

काकांचा फोन आला. "आरं, हिची जीभ बांधलीस काय?"

मी हसण्यावारी नेलं. काकांना ऑडिओतलं काय कळतंय, असं मनात म्हणालोही. २०२१ मध्ये आज्जी गेली. वर्षश्राद्धाला त्या फाइली पुन्हा लावल्या, तेव्हा काका काय म्हणत होते ते कळलं. आज्जी बोबडी झाली होती. 'आष्टा' चं 'आट्टा' झालं होतं. एका ओवीनंतर ती थांबते आणि माझ्याकडे बघून विचारते, "जेवलास का रं?" फाइलमध्ये ऐकू येतं, "जेवला का रं?"

आता हा फरक बघा. मराठीत 'तू' चं अख्खं ओझं बऱ्याचदा शेवटच्या एका 'स' वर असतं. 'आहे' आणि 'आहेस', 'केलं' आणि 'केलंस', 'आली' आणि 'आलीस'. तो 'स' गेला की समोरचा माणूसच वाक्यातून उठून जातो. आणि वाक्याच्या शेवटचा 'स' बोलण्यात हळूच येतो, अर्धवट हवेत सुटतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो आणि पंख्याची हवा जवळपास सारखीच, दोन्हीत ठरावीक सूर नाही, नुसती खरखर. पंखा पुसताना मी 'स' पुसला. आज्जीने मला विचारलेला प्रश्न कुणा तिसऱ्याच माणसाबद्दलचा झाला.

'ष' चं काय झालं तेही आता कळतंय. 'स' चा जोर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, 'श' आणि 'ष' चा त्याहून बराच खाली, अडीच-तीन किलोहर्ट्झपासून. मी निवडलेलं सेटिंग तीनपासून पुढचं सगळंच दाबत होतं. त्यात आपल्याकडे 'च' आणि 'ज' दोन-दोन. 'चार गाई' मधला 'चार' वेगळा आणि 'गाईला चार' मधला वेगळा. लिहिताना एक, कानाला दोन. तो फरकही याच घर्षणात असतो. तयार सेटिंग बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आष्ट्याची म्हातारी नसते, आणि त्यात त्याची चूक नाही. ऐकायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

जुना लँडलाइन फोन आठवा. त्याच्यातून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणजे 'स' चा बराचसा भाग तारेत शिरायचाच नाही. म्हणून नाव सांगताना आपण ओरडायचो, "स सशातला, श शहामृगातला!" ते तंत्राचं बंधन होतं. मी मात्र चांगला माइक विकत घेतला आणि मग आज्जीला परत त्या लँडलाइनमध्ये कोंबलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'स्वच्छ' आणि 'स्पष्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पॉडकास्ट ऐकून ऐकून गुळगुळीत आवाजाला चटावलोय. घरच्या माणसाचा आवाजही आपल्याला तसाच हवा असतो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या, त्यातल्या कितीतरी 'पारी' च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ऐकून बघा. स्टुडिओची झिलई नाही, आणि ती नाही हे दोन मिनिटांत विसरायला होतं.

म्हणून 'स' टोचू द्यायचा का? मुळीच नाही. ज्यांना गावी जाऊन रेकॉर्डिंग करायचंय त्यांच्यासाठी माझ्या चुकांचं सार:

माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे दातांतून सुटणारी हवा थेट त्यावर येत नाही. निम्मं काम इथंच होतं. पॉप फिल्टर 'प', 'फ', 'भ' चे फुत्कार अडवतो, 'स' साठी त्याच्यावर विसंबू नका. नंतर ट्रेबल वाढवण्याचा मोह टाळा, आपणच वाढवायचं आणि मग आपणच दाबायचं. डी-एसर लावलात तर तीन-चार डेसिबलवर थांबा. बऱ्याच प्लगिनमध्ये फक्त काढलेला भाग ऐकायची सोय असते, ती वापरा. त्यात नुसती सळसळ ऐकू आली तर ठीक, शब्द ओळखू यायला लागले तर तुम्ही माणूस कापताय. आणि वेळ असेल तर सरळ हाताने करा. ऑडॅसिटीत एकेक टोचणारा 'स' निवडायचा आणि तेवढाच चार डेसिबल खाली आणायचा. एका ओवीला वीस मिनिटं लागतात. लागू देत की.

आपल्या व्याकरणात श, ष, स यांना ऊष्मे म्हणतात. ऊष्मा म्हणजे उष्णता. तोंडातून ऊन वाफ बाहेर पडते ती ही अक्षरं. शाळेत नुसतं पाठ केलं होतं, अर्थ आत्ता लागला.

असो. अकरापैकी चार ओव्यांच्या मूळ फाइली एका जुन्या मेमरी कार्डात सापडल्या. बाकीच्या सात गेल्या त्या गेल्याच, दाबून काढलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर खरोखर परत आणत नाही. आज सकाळी त्या चारांवर बसलो. कवळीची शिट्टी एका अरुंद पट्टीत होती, ती निम्मी खाली आणली. निम्मी ठेवली, कारण ती कवळी आम्हीच तिला हट्टाने सांगलीला नेऊन बसवली होती आणि ती त्यावरून दोन वर्षं आम्हाला बोलत होती.

"जेवलास का रं?" त्या चारांत आहे. पंख्यासकट. काकांना पाठवलंय, अजून दोन निळ्या खुणा झालेल्या नाहीत. या आठवड्यात तुमच्याकडे कुणाच्या आवाजाच्या फाइली पडून असतील तर एकच करा, मूळ फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका. साफसफाई नंतर.